सोडलं तर खलास

मित्रांनो, मी एक जुना लॉनमोअर आहे. लॉनमोअर म्हणजे गवत कापायचं यंत्र. चार चाकं, वर इंजिन, पोटाखाली गरगर फिरणारं पातं आणि मागे धरायला लांब दांडा. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी एक उसासा टाकतात. मी टाकणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो चांगला मुरलेला राग आहे. मला एका माणसाच्या उजव्या हाताची गोष्ट सांगायची आहे. तो हात मृदंगावर पडला की बसलेल्यांच्या माना आपोआप डोलू लागत. त्या हाताचं काय झालं आणि कुणामुळे झालं, ते ऐका.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं एकच आहे. माझ्या दांड्याला लागून एक वाकवलेली लोखंडी कांब आहे. दांडा आणि कांब एका मुठीत आवळून धरली तरच माझं इंजिन चालतं. मूठ सुटली की कांब मागे जाते, आणि पातं जागच्या जागी थांबतं. माणूस घसरला, त्याला घेरी आली, कुणी हाक मारली म्हणून तो मागे वळला, काहीही झालं तरी त्याचा हात सुटतो आणि मी थांबतो. ही कांब ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला मी साधुपुरुष मानतो. ज्यांना तो कधी भेटणार नव्हता, ज्यांची भाषाही त्याला येत नव्हती, अशा माणसांच्या बोटांची त्याने काळजी वाहिली. कीर्तनात भूतदया म्हणून जे सांगतात, ते याहून वेगळं काय असतं?

तर अशी ती कांब घेऊन मी बोटीत बसलो आणि ओमानमध्ये, सलालाहच्या एका दुकानात येऊन उभा राहिलो. वर्ष दोन हजार तेरा, उन्हाळा सरत आला होता. सलालाह म्हणजे ओमानच्या दक्षिण टोकाचं गाव. समुद्र, बंदर आणि नारळी-केळीच्या बागा. बाकी सगळा देश भाजत असतो तेव्हा इथे ढग उतरतात, बारीक भुरभुर सुरू होते आणि उघडे डोंगर हिरवे होतात. त्या दिवसांना इथे खरीफ म्हणतात. हो, आपल्या खरीप पिकातलाच शब्द. खरीफ आला की गवत असं माजतं की सकाळी कापावं आणि संध्याकाळी पुन्हा हसत उभं.

मला घ्यायला दोघे जण आले. एक सतीश. बंदरावर इंजिनीअर, मूळचा पुण्याकडचा. आमिना नावाच्या म्हाताऱ्या ओमानी बाईंच्या नारळाच्या बागेतलं घर त्याने भाड्याने घेतलं होतं. दुसरा उत्तम, त्या बागेचा माळी. मालवणच्या बाजूच्या एका वाडीतून नुकताच आलेला. अंगावर कोऱ्या शर्टाच्या घड्या तशाच होत्या.

मला कसं निवडलं तेही ऐकून ठेवा, कारण पाप तिथूनच सुरू होतं. दुकानदार बरा माणूस होता. त्याने आधी शेजारचा एक मोअर दाखवला, अरुंद आणि मागची चाकं उंच असलेला. मग विचारलं, "जमीन कैसा है? सपाट है? बीच में पानी का नाली है?"

"सब है," सतीश म्हणाला. "पण हा रुंद पट्टा मारतो ना? हाच दे. एकदाच काय तो मोठा घेऊ. अर्ध्या वेळात काम."

"सर, ये बडा वाला होटल का लॉन के लिये..."

तेवढ्यात सतीशचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. मी मोठा, लाल आणि चकचकीत होतो. बागेत जागोजाग पाट होते, प्रत्येक माडाभोवती गोल आळं होतं, आणि मी होतो हॉटेलाच्या सपाट हिरवळीसाठी बनवलेला. पायाचं माप न बघता जोडा घ्यावा, तशी माझी खरेदी झाली.

आत उत्तम एकटाच उरला. दुकानदाराने त्याचा हात धरून माझ्या कांबेवर ठेवला. "भाई, ये देखो. ये हमेशा पकड के रखना. ये छोडा तो खलास."

"खलास?" उत्तमने विचारलं.

"हां. एकदम खलास."

मित्रांनो, आता नीट लक्ष द्या. आखातात खलास हा शब्द दिवसातून हजारदा कानावर पडतो. काम आटोपलं, खलास. चहा पिऊन झाला, खलास. इंजिन बंद पडलं, खलास. दुकानदार सांगत होता की कांब सोडलीस की मशीन बंद होईल, घाबरू नकोस. पण उत्तमच्या कानात जो खलास होता तो सिनेमातला. तिथे गोळी लागते आणि माणूस खलास होतो. त्याला वाटलं, ही कांब सुटली तर हे एवढं कोरं मशीन मरेल, कायमचं. नवजात पोराची मान धरायला शिकवल्यावर माणूस जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघायला लागला.

मला पिकअपच्या मागच्या हौद्यात चढवलं. उत्तम माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि बंद इंजिनाची कांब घरापर्यंत मुठीत घट्ट धरून राहिला. सतीशला ते आरशात दिसलं. तो हसत ओरडला, "अरे, नीट टेकून बस ना, पडशील."

"नको साहेबानू. हात सुटलो तर?"

सतीश आणखी हसला आणि त्याने गाडी पुढे हाकली. हात सुटला तर काय, एवढं एक वाक्य त्याने विचारलं असतं तर आज मला तुमच्यापुढे बोलायचं कारणच पडलं नसतं. माणसं हसतात, विचारत नाहीत.

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी माझं आणि बागेचं वाकडं आलं. दहा पावलं गेलो की पाट. पाटात माझं पुढचं चाक उतरे आणि पोट कडेला टेके. मग मला दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवावं लागे. त्यासाठी कांब सोडावी लागे, आणि कांब सुटली की मी थांबे. मी माझं कर्तव्य करत होतो. उत्तमचा मात्र प्रत्येक वेळी जीव खालीवर होई. तो दोरी ओढून मला परत सुरू करी आणि माझ्या टाकीवर हात ठेवून पुटपुटे, "वाचला रे बाबा." त्याच्या हिशेबी मी रोज मरता मरता वाचत होतो आणि एक दिवस वाचणार नव्हतो.

शेवटी त्याने उपाय काढला. सुंभ घेतलं. नारळाची सोडणं भिजवून, काथ्या कुटून, मांडीवर वळून त्याने स्वतःच केलेली दोरी होती ती. कांब दांड्याला आवळली आणि होडी बांधतात तशी गाठ मारली. आता मला उचला, आपटा, सोडून पाणी प्यायला जा, मी चालूच. थांबवायचं तर पेट्रोलचा खटका फिरवायचा. मग नळीतलं उरलंसुरलं पेट्रोल जळेपर्यंत मी घुरघुरत राहायचो आणि सावकाश विझायचो. तसं विझणं उत्तमला चाले. ते त्याला निजण्यासारखं वाटे.

उत्तमवर माझा राग नाही, हे इथेच सांगून टाकतो. त्याने मला वाचवायला ती गाठ मारली होती.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सतीश चहाचा कप घेऊन बागेत आला. उत्तमने कौतुकाने दाखवलं. "साहेबानू, ह्या बरां झाला मां?"

सतीश वाकला. त्याने गाठ पाहिली. बोटाने कांब दाबून पाहिली. ती हलली नाही. तो इंजिनीअर होता. कांब कशासाठी असते हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याच्या कपाळावर एक आठी आलीसुद्धा. मग त्याने बागेकडे पाहिलं. अर्धी बाग कापून झाली होती, एरवी तेवढ्याला दुपार व्हायची. आठी गेली.

"डोकं आहे हां तुला," तो म्हणाला. "चालतंय."

चालतंय. मित्रांनो, शिव्या पुष्कळ असतील, पण माझ्या मते आपल्या भाषेतला सगळ्यात वाईट शब्द हा आहे.

माझी शेड त्यांच्या ओसरीला लागून होती, त्यामुळे घरातलं बोलणं मला ऐकू येई. एकदा सतीश कामावरून आला तो तणतणत. त्याची बायको जयवंती पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो सांगत होता, "एका शहाण्याने क्रेनचा सेफ्टी स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवला होता. सारखा बंद पडतो म्हणे. तिथल्या तिथे खाली उतरवला त्याला. म्हटलं, कुणाचा जीव घेशील तू."

"बरं केलंत," जयवंती म्हणाली.

माझं पातं थंड होतं, नाहीतर ते त्या वेळी आपसूक फिरलं असतं. बंदरावर हेल्मेट, बंदरावर शिट्टी, बंदरावर नियम. आणि घरामागे सुंभ. घरामागे राबणारा माणूस माणूस नव्हता का?

आता जयवंतीबद्दल सांगायला हवं. ती कीर्तन करी. वडिलांकडून शिकली होती, उभं राहून, हातात झांज घेऊन. दर शुक्रवारी दिवेलागणीला माडांखालच्या हिरवळीवर सतरंज्या पडत. बंदरावरची माणसं येत, इंडियन स्कूलच्या बाई येत, त्यांची मुलं मोबाईल खिशात घालून कंटाळलेल्या चेहऱ्याने येऊन बसत आणि आख्यान रंगलं की कंटाळा विसरत. आमिनाबाई आपली प्लास्टिकची खुर्ची आणि काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन कडेला, सतीशच्या शेजारी बसत. बागेत त्यांना सगळे 'मामा' म्हणत. आखातात मालकीणबाईला मामा म्हणायची रीत आहे. उत्तमला सुरुवातीला हसू आवरत नसे. "मामाक लुगडां," असं तो जयवंतीला हळूच म्हणे. मामाला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्यांनी एकही शुक्रवार चुकवला नाही.

आणि मृदंगावर उत्तम. गोधडीत गुंडाळून आणलेला तो मृदंग म्हणजे त्याचं गावाकडून आलेलं निम्मं सामान होतं. दुपारीच तो डाव्या तोंडासाठी कणीक भिजवायला घेई. पूर्वरंगात तो अगदी जपून वाजवी, जणू पावलांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालतोय. उत्तररंगात कथा चढली की उजव्या हाताची बोटं उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईवर अशी फिरत की बोटं दिसत नसत, फक्त बोल ऐकू येत. मी शेडमध्ये गवताच्या वासात उभा असे. देव कसा असतो मला माहीत नाही, मी लोखंड आहे. पण त्या बोटांतून जे यायचं, ते ऐकताना माझ्या गंजक्या नटांनाही वाटे की आपण कुणाच्या तरी दारात उभे आहोत.

त्या बोटांपासून दोन हातांवर आठवडाभर माझं पातं फिरत असे, आणि मधे होती ती कांब, बांधून ठेवलेली. हे मला एकट्याला ठाऊक नव्हतं. सतीशला ठाऊक होतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे अवजारांची, यंत्रांची पूजा करतात. मला धुतलं, पुसलं, इंजिनावर स्वस्तिक काढलं, बागेतल्याच जास्वंदीची माळ घातली. सतीशने माझ्या डोक्यावर पळीभर खोबरेल वाहिलं. पोटातलं इंजिनचं तेल काजळासारखं काळं झालं होतं, ते कुणी बदललं नाही. पात्याची धार गेली होती, ती कुणी लावली नाही. जयवंतीने हळदकुंकू वाहता वाहता विचारलं, "अहो, हे काय बांधलंय?"

"उत्तमची युक्ती आहे. वाहा, वाहा त्यालाही," सतीश म्हणाला.

तिने विश्वासाने त्या गाठीलाही कुंकू लावलं. आरती झाली. मला आरती आवडते, पण त्या दिवशी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो की ओवाळू नका, सोडा. देवाने काय आपल्याकडे माळ मागितली होती? त्याचं लेकरू सांभाळा म्हणाला असता तो, आणि त्याचं लेकरू, उत्तम, तिथेच ताम्हन हातात धरून उभं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या खरिफात ते घडलं. हिरवे डोंगर बघायला मस्कतहून पाहुणे यायचे होते, तिथल्या रुवी आणि अल् घुब्रा भागांतले, सतीशच्या ओळखीचे. त्या शुक्रवारी मोठं कीर्तन ठरलं. पण आठवडाभर सतीशने उत्तमला घर रंगवायला, दिव्यांच्या माळा लावायला जुंपलं आणि गवत राहून गेलं. शुक्रवारी दुपारी ते पोटरीपर्यंत आलेलं, आणि वरून भुरभुर. ओलं उंच गवत एका दमात मुळापर्यंत तासू नये. आधी चाकं उंच करून शेंडे घ्यावेत, वाळू द्यावं, मग खाली यावं. माझ्या चाकांशेजारीच उंची वाढवायची खीळ आहे. सतीश म्हणाला, "एकदाच खालून घे. संपव."

ओल्या गवताचा लगदा माझ्या पोटात साचू लागला. त्यात काथ्याचे गुंते आणि झावळ्यांचे तुकडे. कडेला गवत बाहेर पडायचं तोंड असतं, ते सारखं बुजू लागलं. उत्तम झावळीचा एक दांडका घेऊन ते मोकळं करी. मी चालूच असे, कारण सुंभ बांधलेलं होतं.

"यल्ला उत्तम, चल, आवर," सतीश ओसरीवरून ओरडला. "लोक हॉटेलातून निघालेत. अजून सतरंज्या पडायच्यात. किती वेळ?"

"झालां साहेबानू, थोडां रवलां."

दांडका मोडला. तोंड पुन्हा बुजलं. पेट्रोलचा खटका फिरवला असता तर मी विझेपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि यल्ला तर कानात वाजत होतं. उत्तमने एक हात माझ्या टाकीवर ठेवला आणि वाकून दुसरा हात त्या तोंडात घातला. उजवा.

मी थांबू शकलो नाही. मला थांबायला शिकवलेलं होतं, आणि माझं थांबणंच बांधून ठेवलं होतं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही लहान आहात आणि मला ते सांगवत नाही. सतीशने गाडी काढली. मामा अनवाणी धावत आल्या, स्वतःची ओढणी त्या हाताभोवती गुंडाळून मागच्या सीटवर उत्तमला धरून बसल्या. इस्पितळातल्या डॉक्टरांनी शर्थ केली. अंगठ्याशेजारची दोन बोटं पेरांपासून गेली. चाट मारायची आणि शाईवर बोल काढायची, तीच दोन.

मला वाटलं होतं, आता तरी सतीश त्या सुंभाजवळ येईल. तो आला नाही. पाहुणे विचारपूस करायला आले तेव्हा ओसरीवरून मला ऐकू आलं, "काय बोलायचं? चालू मशीनमध्ये हात घातला त्याने. निष्काळजीपणा, दुसरं काय." मामाला तो म्हणाला, "उत्तम का गलती." आणि उत्तमही येणाऱ्या जाणाऱ्याला तेच सांगू लागला, माझीच चूक, माझीच. तो हे खरंच मानत होता. मित्रांनो, बोटं गेल्याचं दुःख त्याला होतंच, त्यावर हे दुसरं ओझं त्याच्या मानेवर ठेवलं गेलं. आणि ज्याने ठेवलं तो रोज त्याला विचारी, "कसं वाटतंय आता?"

एका सकाळी उत्तम माझ्या शेडच्या पायरीवर बसला होता, बांधलेला हात मांडीवर घेऊन. जयवंती पेज आणि वाटीत सुकटीची चटणी घेऊन आली. तिने सहज विचारलं, "उत्तम, एक विचारू? मशीन आधी बंद का नाही केलंस रे?"

"बंद कसां करतलंय वयनीनू? वेळ लागता. आणि ही कांब सोडूक येणा नाय. दुकानवालोच म्हणाललो, सोडलां तर खलास."

जयवंतीला आधी हसूच आलं. मग ते थांबलं. "अरे, खलास म्हणजे बंद. मशीन बंद होतं, एवढंच. परत सुरू करता येतं."

"मरणा नाय?"

"नाही रे."

"खलास म्हणजे संपला, ता माका आता कळता. हय सगळेच बोलतत. पण ह्या मशीनचां खलास म्हणजे मशीन मेला, असांच माझ्या डोक्यात बसलां ता बसलां." त्याने पेज बाजूला सरकवली. "साहेबांनी बघितल्यानी होती गाठ. ते काय बोलाक नाय. म्हणान माका वाटलां, बरोबर आसतली."

जयवंती उठली. भिंतीला टांगलेला कोयता काढला आणि एका घावात तिने ते सुंभ कापलं. मग मला उघड्यावर ओढत आणून तिने हाक मारली, "अहो, इकडे या."

सतीश आला. तिने दांडा आणि कांब मुठीत धरली. "ओढा दोरी."

त्याने ओढली. मी सुरू झालो. तिने मूठ सोडली. मी थांबलो. इतक्या काळानंतर मी पहिल्यांदाच नीट थांबलो होतो. माडावरून ठिबकणारं पाणी माझ्या गरम इंजिनावर पडून चरचरलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो, म्हणजे तसं..."

"आणि गाठ पाहिली होतीत."

"चालत होतं गं."

"कुणाचं?" जयवंतीने विचारलं. "कुणाचं चालत होतं?"

तो आत निघून गेला.

पुढच्या शुक्रवारी माणसं जमली. सतरंज्या पडल्या. मृदंगाच्या जागी सतीशने एक छोटा स्पीकर ठेवला होता. मोबाईलमधून मृदंगाचा ठेका वाजणार होता. उत्तम मागे, माडाला टेकून बसला होता. जयवंती हार घालून, कपाळाला बुक्का लावून उभी राहिली. स्पीकरमधून ठेका सुरू झाला, अगदी बरोबर, एकसारखा, कुणाचाच नसलेला.

"ते बंद करा," ती म्हणाली.

बंद झालं.

"मंडळी, कीर्तनाला उभं राहणाऱ्याने आधी आपलं घर झाडायचं असतं, असं माझे वडील सांगत. माझ्या घरात एक गोष्ट झाडायची राहिली आहे. ती माझी नाही, म्हणून मी सांगणार नाही. यजमान सांगतील."

सतीश बसल्या जागी लाल झाला. मामांनी त्याच्याकडे वाकून विचारलं, "क्या बोला? आज गाना नहीं?"

"मामांना तुम्हीच सांगा," जयवंती म्हणाली. "त्यांना कळेल अशा भाषेत."

सतीश उठला. पँटला नसलेली धूळ झटकली. समोर त्याच्या हाताखालची माणसं बसली होती, ज्यांना तो शिट्टी वाजवून खाली उतरवी. "मामा," तो म्हणाला, "उत्तम का गलती नहीं है. वो रस्सी मैंने देखा था. मेरे को मालूम था, उस से हाथ जा सकता है. मैंने कुछ नहीं बोला."

"मालूम था?"

"हां."

"और मेरे को बोला, उत्तम का गलती."

"हां."

"पोर्ट में तुम क्या है?"

सतीश हळूच म्हणाला, "इंजिनीअर."

"हां," मामा म्हणाल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलली, थर्मास उचलला आणि सतीशच्या शेजारची जागा सोडून त्या मागे, उत्तमच्या माडापाशी जाऊन बसल्या. थर्मास उघडून त्यांनी काहवा ओतला आणि पेला उत्तमच्या डाव्या हातात दिला.

उत्तमची मान खाली होती. "वयनीनू," तो म्हणाला, "माणसां खोळंबली हत. सुरू करा आता."

त्या संध्याकाळी जयवंतीने मृदंगाशिवाय कीर्तन केलं. ती मधे मधे थांबे, जिथे उत्तमची थाप पडायची तिथे. तिथे काहीच पडत नसे. ती तेवढी जागा तशीच रिकामी ठेवी आणि मग पुढचा शब्द घेई. शाळेतली ती मुलंसुद्धा त्या रिकाम्या जागांत हलत नव्हती.

याला बरीच वर्षं झाली. माझं पेट्रोल गळतं, रंग उडाला आहे. माझ्या कांबेला नवी स्प्रिंग बसली, तेल वेळेवर बदललं जातं. उत्तम अजून बागेत आहे. पण त्याने मला पुन्हा हात लावला नाही, आणि त्याला तसं कुणी सांगतही नाही. मला सतीश ढकलतो. दर शुक्रवारी, स्वतः. पाट आला की मला उचलतो, मी बंद पडतो, तो पुन्हा दोरी ओढतो, पुढचा पाट येतो. त्याचा शर्ट पाठीला चिकटतो. मला त्याची दया येत नाही.

कीर्तनात उत्तम आता डाव्या तळव्याने मृदंगाचा धुमा, म्हणजे डावं तोंड, तेवढा वाजवतो. उजवीकडची शाई मुकी असते. ऐकणारे म्हणतात, "अजूनही काय छान वाजवतो हो." ते प्रेमाने म्हणतात, मला कळतं. तरी मला राग येतो. त्यांनी आधीचं ऐकलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. आज घरी गेलात की बघा. पंख्याची जाळी काढून ठेवली असेल. मिक्सर झाकणाशिवाय चालावा म्हणून खटक्यात काडी खुपसली असेल. इस्त्रीची उघडी वायर सेलोटेपने गुंडाळली असेल. जिथे जिथे थांबायची सोय होती आणि ती कुणीतरी बांधून टाकली आहे, तिथे बोट दाखवा. तुमच्या घरी काम करायला जो येतो, त्याला काय सांगितलं ते त्याच्याच भाषेत सांगा, आणि त्याला काय समजलं ते त्याच्या तोंडून परत ऐका. आणि घरातलं कुणी म्हणालं, 'राहू दे रे, चालतंय', तर जयवंतीने विचारलं तसंच विचारा, कुणाचं. मोठी माणसं रागावतील. रागावू द्या. मी तुमच्या बाजूने आहे.